पेन्सिलीतली वाक्यं

मुलांसाठी प्राण्यांवर लिहिताना मला सगळ्यात अवघड जातं ते प्राण्याला गप्प ठेवणं. मराठी घरात वाढलेल्या कुणाच्याही कानात चिऊ-काऊ फार आधी येऊन बसलेले असतात. पाऊस येतो, काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घराचं दार वाजवतो आणि चिऊ आपल्या बाळाचं आवरण्यात गुंतलेली असते. मी याच गोष्टींवर वाढले, माझ्या मुलीलाही याच गोष्टी सांगत भरवलं आणि त्या मला आजही प्रिय आहेत. पण त्या गोष्टी माणसांच्या आहेत. त्यातला कावळा माणसाचा आळस अंगावर घेऊन वावरतो, चिमणी माणसाचा संसार करते. खऱ्या कावळ्याला आपली गच्ची कशी दिसते हा प्रश्न त्या गोष्टीला पडत नाही, आणि तो तिला पडावा अशी माझी अपेक्षाही नाही. मला मात्र तो पडतो. मुलांसाठी लिहायला बसले की आधी तोच पडतो.

मी धायरीत राहते, मुलांच्या मासिकांत निसर्गावर लिहिते आणि रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांचा लेखनवर्ग घेते. सोसायटीतली मुलं असतात, गावठाणातली असतात, आसपासच्या छोट्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्यांची असतात. सोसायटीतली मला काकू म्हणतात, गावातली मॅडम. धायरी 2017 साली महापालिकेत आली, पण गाव काही एका दिवसात शहर होत नाही. रायकर मळ्याच्या नावात मळा आहे आणि दोन इमारतींच्या मध्ये अजून एखादा गोठा टिकून आहे. गच्चीवरून एका बाजूला सिंहगड दिसतो, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्या. निसर्गावर लिहायचं म्हणजे ताडोब्याला जायला हवं असं मुलांना वाटतं. मी त्यांना सांगते की पाच मिनिटं चालून भेटेल असाच प्राणी निवडायचा, कारण त्याच्याकडे पुन्हा जाता आलं पाहिजे.

वर्ग सुरू केला तेव्हा पहिला प्राणी मी निवडला होता. गोचीड. मुलं शहारली. गावातल्या एका मुलीने लगेच सांगितलं की ती आपल्या कुत्र्याच्या कानामागून गोचीड काढते आणि रॉकेलच्या डबीत टाकते. मला तिचीच गरज होती, कारण बाकीच्यांनी गोचीड पाहिलेली नव्हती.

एस्टोनियात जन्मलेल्या याकोब फॉन युक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाने 1934 साली एक लहानसं पुस्तक लिहिलं. प्रत्येक प्राणी आपापल्या भोवतालात राहतो आणि ते भोवताल त्याच्या इंद्रियांनी आखलेलं असतं, हा त्यातला विचार. या भोवतालाला तो ‘उमवेल्ट’ म्हणत असे. उदाहरण म्हणून त्याने गोचीड घेतली. ती गवताच्या टोकावर बसलेली असते. तिला डोळे नाहीत, आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. खालून एखादं सस्तन जनावर गेलं की त्याच्या कातडीतून येणाऱ्या ब्युटिरिक आम्लाचा वास तिला लागतो आणि ती पकड सोडते. पडली ती उबदार गोष्टीवर पडली, तर जनावर मिळालं. मग केस नसलेली जागा स्पर्शाने शोधायची आणि तोंड खुपसायचं. वास, ऊब, स्पर्श. एवढंच तिचं जग. तिच्या धायरीत सिंहगड नाही, गाड्यांचे हॉर्न नाहीत, पावसाळ्यातला हिरवा रंग नाही.

मुलांनी त्या दिवशी लिहिलेलं मला पाठ आहे असं म्हणणार नाही, पण एक वाद पक्का आठवतो. बहुतेकांनी लिहिलं होतं की गोचीड गवतावर बसून कुत्र्याची वाट बघते. एक मुलगा म्हणाला, वाट बघायला कोण येणार ते माहीत असावं लागतं. गोचिडीला कुत्रा माहीतच नाही, तिला फक्त वास माहीत आहे. दुसरी म्हणाली, मग ती इतके दिवस तिथे काय करते? कुणालाच उत्तर देता येईना. मलाही नाही. तेव्हा आम्ही एक पद्धत ठरवली, ती आजपर्यंत चालू आहे. जे आपण स्वतः पाहिलं, किंवा कुणीतरी तपासून पाहिलं आणि कसं तपासलं ते आपल्याला सांगता येतं, ते पेनाने लिहायचं. जे आपल्याला वाटतं ते पेन्सिलीने. पेन्सिलीला बंदी नाही. पण खोडता येईल अशा बेताने लिहायचं आणि वाचणाऱ्याला दोन्हीतला फरक दिसला पाहिजे.

या एका नियमाने माझं स्वतःचं लिखाण बदललं. पूर्वी मी कुत्र्यावर लिहिताना त्याला खोडकर, प्रेमळ, रुसलेला असं काहीबाही लिहीत असे आणि शेवटी एक चौकट टाकून त्यात वासाची माहिती देत असे. आता ती चौकट उरलेली नाही. तीच माहिती लेखाच्या पोटात जाते आणि लेख तिच्यातूनच वाढतो.

कुत्र्याचा लेख आम्ही रस्त्यावर लिहिला. धारेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत एक तांबूस कुत्रा सकाळी फेरी मारतो. मुलं त्याच्यापासून अंतर राखून चालली आणि तो जिथे जिथे थांबला ती प्रत्येक जागा त्यांनी वहीतल्या नकाशात टिपली. विजेचा खांब, स्कूटरचं मागचं चाक, चहाच्या टपरीमागची भिंत, आणि मग एक अशी जागा जिथे आम्हाला काहीच दिसेना. साधा डांबरी रस्ता. तिथे तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. मुलं गुडघे टेकून बघत राहिली. त्या रिकाम्या जागेने जे केलं ते माझ्या कुठल्याही व्याख्यानाने झालं नसतं.

मग गच्चीवर येऊन मी त्यांना सांगितलं की माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या आसपास असतात आणि कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्या 10 कोटींपासून 30 कोटींपर्यंत जातात. आकडा ऐकून मुलं ‘बापरे’ म्हणाली आणि विसरली. त्यांना धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. आत घेतलेली हवा तो त्या चिरांतून बाजूला सोडतो, त्यामुळे समोरचा वास उच्छ्वासाने उधळला जात नाही. मुलांनी लगेच आपलं नाक जमिनीशी नेऊन पाहिलं. आपण श्वास सोडला की धूळ पुढे उडते. हे पेनाने लिहिता येतं. वास शिळा होत जातो, म्हणजे सकाळी गेलेलं आणि रात्री गेलेलं कुत्र्याला वेगवेगळं कळत असणार, हेही मुलांनी लिहिलं, पण पेन्सिलीने.

सातवीतल्या एका मुलाने त्या लेखातले सगळे लाल शब्द खोडले. त्याने आधी लाल स्कूटर लिहिली होती. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्यात तीन. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळून जातात. हिरवळीवर पडलेला लाल चेंडू कुत्रा डोळ्यांनी शोधत बसत नाही, नाकाने शोधतो, ते यामुळेच. मुलाचं म्हणणं होतं, लेख कुत्र्याचा आहे तर लाल रंग आला कुठून? मी त्याला म्हटलं, लेख तुझा आहे, तू गल्लीत होतास, तुला लाल दिसलं. बराच वेळ बोलून त्याने लाल एकदाच ठेवला, पहिल्या वाक्यात, जिथे तो स्वतः बघतो आहे. पुढे कुत्रा चालू लागतो तिथून लाल नाही. मुलांच्या लिखाणात इतकी जाणती दुरुस्ती मी क्वचित पाहिली आहे.

चित्रांचा मोह वेगळा. प्राणी काढ म्हटलं की मूल आधी चेहरा काढतं: दोन डोळे, नाक, तोंड, जमलं तर हसू. आपली बहुतेक इंद्रियं चेहऱ्यावर आहेत म्हणून आपण सगळ्यांना चेहरा देतो. म्हणून मी वर्गात चित्र पायांपासून सुरू करायला लावते. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली असतात. नाकतोड्याचे पोटाच्या बाजूला. नर डास मादीच्या पंखांचा सूर आपल्या मिशांनी ऐकतो. कढीपत्त्याच्या कुंडीवर लिंबू फुलपाखराची मादी येते, पानावर पुढचे पाय भराभर आपटते आणि उडून जाते किंवा अंडं घालते. ती पायांनी पानाची चव घेत असते, आपल्या अळ्यांना हे पान चालेल का ते बघत असते. हे धायरीतल्या कुठल्याही बाल्कनीत बघता येतं. कढीपत्ता मात्र सगळा खुडून फोडणीत टाकायचा नाही, एवढं घरच्यांना पटवावं लागतं.

गायीचा लेख मला माणसांमुळे मोलाचा वाटतो. गावातल्या एका गोठ्यात आम्ही परवानगी घेऊन गेलो. तिथले आजोबा आयुष्यभर जनावरांत राहिलेले. मुलांनी त्यांना विचारलं, गाय रस्त्यात मध्येच का थांबते? आजोबा म्हणाले, नव्या रस्त्यावर ते पांढरे पट्टे मारले ना, तिथे अडते. तिला तो खड्डा वाटतो. सावलीची रेघ पडली तरी अडते, साचलेलं पाणी चकाकलं तरी अडते. आपण ओढू नये. तिला मान खाली घालून बघू द्यावं, मग ती आपणहून येते.

मी मुलांना टेंपल ग्रँडिन यांच्याबद्दल सांगितलं. त्या अमेरिकेतल्या, जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या. स्वतः ऑटिस्टिक आहेत. जनावरं ज्या अरुंद वाटेने नेली जातात, त्या वाटेत त्या स्वतः शिरल्या आणि जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेलं कुणाचं जाकीट, उजेडाचा पट्टा, चिखलातली चमक, अशा गोष्टींनी गुरं बुजतात हे त्यांनी दाखवून दिलं, आणि त्यानुसार तिथल्या वाटांची रचना बदलली गेली. गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, बाहुली आडवी. मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त पाठीमागचा थोडा भाग सुटतो. पण दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारी पट्टी समोर अगदी अरुंद असते, म्हणून खोलीचा अंदाज घ्यायला तिला थांबून मान खाली घालावी लागते. आजोबांनी सांगितलेलं आणि ग्रँडिन यांनी दाखवलेलं एकाच ठिकाणी येऊन मिळालं. मुलांनी आजोबांचं वाक्य पेनाने लिहिलं. एकाने शंका काढली की आजोबांनी प्रयोग कुठे केला? दुसऱ्याने उत्तर दिलं: पन्नास वर्षं रोज केलाय की. मला ते उत्तर पूर्ण मान्य आहे.

आपल्याकडे या प्रकारच्या बघण्याचा पाया मोठ्या माणसांनी घालून ठेवला आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ 1982 साली आलं. वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा त्यात आहे, आणि वानरं माणसासारखी संवाद म्हणत नाहीत. ती झाडावर असतात, दात दाखवतात, पिल्लू छातीशी धरतात. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत आयुष्य घालवून लिहीत राहिले आणि जंगलात राहणाऱ्यांकडून मिळालेलं ज्ञान त्यांनी मराठीत आणून ठेवलं. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. मोठ्यांसाठीच्या मराठीत प्राण्याला प्राणी राहू देणारं लेखन आहे. मुलांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा एकतर बोलणारा ससा येतो किंवा आकड्यांची चौकट. मधली जागा मोकळी आहे आणि तिथे काम करायला मला आयुष्य पुरणार नाही, इतकी ती मोठी आहे.

भुंग्यावर मी स्वतः दीर्घ काळ अडले होते. लाकडात भोक पाडून राहणारा तो काळा, जाड, गुणगुणणारा भुंगा सगळ्यांना माहीत असतो, तो दिवसाचा. पण भीमाशंकरच्या अभयारण्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरात, त्याचा एक भाऊबंद रात्री उडतो. ‘झायलोकोपा ट्रँक्वेबारिका’ हे त्याचं शास्त्रीय नाव. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर यांनी त्याच्यावर काम केलं आणि 2008 साली दाखवून दिलं की चांदण्यांच्या उजेडातसुद्धा हा भुंगा घरट्याजवळची खूण तिच्या रंगावरून ओळखतो. त्या उजेडात माणसाला रंग दिसतच नाहीत. आपल्याला सगळं राखाडी. त्यातून नवल असं की त्याच्या डोळ्यांची मूळ घडण दिवसा उडणाऱ्या मधमाशीसारखीच आहे.

आता हे मुलांसाठी लिहायचं कसं? ‘भुंग्याला अंधारात निळा रंग दिसतो’ असं लिहिलं की मूल आपला निळा घेतं आणि अंधारात ठेवतं. पण भुंग्याचा निळा आपला निळा आहे का, हे कुणी सांगू शकत नाही. टॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने 1974 साली वटवाघळाबद्दल हाच प्रश्न विचारला होता: वटवाघूळ असणं आतून कसं असतं? त्याचं म्हणणं असं की वटवाघळाच्या मेंदूची सगळी माहिती मिळाली तरी तेवढ्याने हे कळणार नाही. मी तो प्रश्न दहा वर्षांच्या मुलांपुढे ठेवला आणि त्यांना तो मोठ्यांपेक्षा लवकर कळला. लहान मुलांना रोजच हा अनुभव असतो की आपल्याला जे होतंय ते दुसऱ्याला कळत नाही. शेवटी भुंग्याच्या लेखात मी प्रयोग तेवढा सांगितला: घरट्याशी रंगीत खूण ठेवली, शेजारी राखाडी खुणा ठेवल्या, खुणांच्या जागा बदलल्या, भुंगा रंगाच्या मागे गेला. मग वाचणाऱ्या मुलाला सांगितलं, चंद्र नसलेल्या रात्री घरातले दिवे बंद करून आपल्या रंगपेटीतून निळा खडू काढून बघ. एवढ्यावर लेख संपवला. त्यावर आलेल्या मुलांच्या पत्रांत बहुतेकांनी चुकून काढलेल्या खडूचा रंग कळवला होता. मला वाटतं त्यांना भुंगा भेटला.

सापाच्या बाबतीत अडचण माहितीची नसते, घरातल्या बोलण्याची असते. साप डूख धरतो, मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो, हे गावातल्या मुलांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. एका मुलाची आजी तर याबाबत फार ठाम होती. मुलाला भीती होती की मी आजीला खोटं पाडीन. माझ्या मनात तसं काही नव्हतं. मी त्याला म्हटलं, आजीला एवढंच विचार की रात्री बांधावरून जाताना ती काय करायची. तो विचारून आला. आजी काठी आपटत जायची. पाय आपटत, काठी आपटत, मोठ्याने बोलत.

सापाला बाहेरचा कान नाही. खालचा जबडा जमिनीला टेकलेला असतो आणि जमिनीतली थरथर हाडांतून आतल्या कानापर्यंत जाते. हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही थोडेफार पोचतात. पुंगीपुढे तो डोलतो ते पुंगीच्या हालचालीवर. जिभेने तो हवेतले कण गोळा करतो आणि टाळूतल्या इंद्रियाने त्यांचा वास ओळखतो. आजीच्या बोलण्यातला काही भाग त्याच्यापर्यंत गेला असेल नसेल, पण काठी नक्की पोचत होती. जमिनीतून, जबड्यातून, तो बाजूला होईल इतकी लवकर. मुलाने लेख लिहिला तो आजीच्या काठीचा. सुरुवात बांधाखालच्या बिळात होते आणि आजी कुठेच दिसत नाही, फक्त ठोका येतो, मग मोठा ठोका येतो. डुखाबद्दल त्याने शेवटी एक वाक्य लिहिलं, पेन्सिलीने: साप लक्षात ठेवतो असं माझ्या आजीला वाटतं. ते वाक्य मी ठेवायला सांगितलं. आजीला काय वाटतं हे त्याने स्वतः ऐकलेलं होतं, म्हणजे ते खरं तर पेनाने लिहायला हरकत नव्हती, आणि पुढच्या रविवारी त्याने ते पेनाने गिरवून आणलं.

पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती किड्यांचा जो गराडा पडतो, त्यावर लिहायचं मुलांनीच ठरवलं. पंख फुटलेली वाळवी, पतंग, हिरवे तुडतुडे. सोसायटीच्या बागेत झाडांच्या बुंध्याशी शोभेचे दिवे आहेत, खालून वर उजेड फेकणारे. सकाळी त्यांच्याभोवती पंखांचा खच असतो. मुलांच्या पहिल्या कच्च्या लेखात पतंग दिव्यावर प्रेम करत होता. हे साहजिक होतं. शतकानुशतकांच्या कवितेने त्याला जळायला लावलं आहे.

सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरचा शोधनिबंध 2024 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उडणं टिपलं. किडा दिव्याकडे झेपावत नाही, असं त्यांना आढळलं. तो दिव्याकडे पाठ करतो. रात्री उडताना सगळ्यात उजळ बाजू म्हणजे आकाश, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर सरळ राहतं. ही सवय फार जुनी, दिवे नव्हते तेव्हाची. दिवा बाजूला आला की किडा पाठ दिव्याकडे कलवतो आणि त्यामुळे दिव्याभोवती फिरत राहतो. दिवा खाली असला आणि उजेड वर जात असला तर तो उलटा होतो आणि कोसळतो. सगळे किडे असं करत नाहीत. कण्हेरीच्या पानांवर ज्याच्या अळ्या वाढतात तो मोठा हिरवा पतंग त्यांच्या चित्रणात न कलता दिव्यावरून निघून गेला.

आम्ही गच्चीवर पांढरी चादर अंथरली, तिच्यावर टॉर्च वर तोंड करून ठेवला आणि एका पालकांच्या मोबाइलवर संथ गतीचं चित्रण केलं. काही किडे आले, उलटले, चादरीवर पाठीवर पडले. मुलं ओरडत होती, ‘पेन! पेन!’

त्यानंतर जे झालं ते माझ्या योजनेत नव्हतं. मुलांनी सोसायटीच्या समितीला अर्ज लिहायचं ठरवलं. पहिल्या मसुद्यात बिचारे किडे जळून मरतात, आपण निर्दयी आहोत, असं बरंच होतं. त्यांच्यातल्याच एका मुलीने ते कापलं. तिचं म्हणणं, काका लोक हे वाचून हसतील, त्यापेक्षा किड्याला काय होतं तेच लिहू. दुसरा मसुदा अर्ध्या पानाचा झाला. रात्रीचा किडा पाठ उजेडाकडे ठेवतो. आपले बागेतले दिवे खालून वर उजेड टाकतात. त्यामुळे तो उलटा होतो. म्हणून रात्री दहानंतर हे दिवे बंद करावेत, फाटकाचा आणि पार्किंगचा दिवा चालू ठेवावा.

बैठकीत अध्यक्षांनी खरोखर रस घेऊन विचारलं, पाठ उजेडाकडे ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो? एक मुलगा पुढे आला. त्याने हात पंखांसारखे पसरले, दुसऱ्याला मोबाइलचा टॉर्च घेऊन बाजूला उभं केलं, पाठ टॉर्चकडे कलती ठेवून चालायला लागला आणि त्या मुलाभोवती गोल फिरू लागला. वाकडा होऊन, थांबता येत नसल्यासारखा. बैठकीतल्या एक आजी म्हणाल्या, अरे, बसवा त्याला कुणीतरी. शोभेचे दिवे आता दहाला बंद होतात.

फाटकाचा दिवा राहिला. रखवालदार काकांना रात्री नोंदवही लिहायला तो लागतो. त्यांनीच मुलांना दाखवलं की त्या दिव्याशी दोन पाली रोज येतात आणि किड्यांवर पोट भरतात. दिवा गेला तर त्यांनी काय खायचं? भुंग्याच्या अभ्यासातल्या आल्मुट केल्बर यांनीच 2004 साली लीना रोथ यांच्याबरोबर पालीच्या कुळातल्या, वायव्य आफ्रिकेतल्या एका गेकोवर प्रयोग केले होते आणि अंधूक चंद्रप्रकाशातही त्याला रंग ओळखता येतात असं दाखवलं होतं. म्हणजे अंधारात शिकार करायला पालीचा डोळा समर्थ असावा. हे आम्ही पेन्सिलीने लिहिलं, कारण आपल्या भिंतीवरची पाल ही त्या गेकोची चुलत बहीण आहे, तो गेको नव्हे.

अर्जाचा मसुदा कापणारी ती मुलगी आता या पालींवर लिहिते आहे. दिवा किड्याला उलटा पाडतो आणि पालीला जेवू घालतो. लेख कुणाच्या बाजूने सुरू करावा हे तिचं ठरत नाही. दोन सुरुवाती लिहून झाल्या आहेत, एक छतावरून आणि एक हवेतून. दोन्ही चांगल्या आहेत. मी तिला अजून काही सुचवलेलं नाही. परवा ती रखवालदार काकांकडे खुर्ची मागून फाटकाशी साडेनऊपर्यंत बसली होती, आईला विचारून.